शंभरची रेघ

बू वेनिंग यांनी पेन्सिलीचं मागचं टोक आलेखावर टेकवलं.

“इथे अडीच महिने नुसतं ‘पाहिलं नाही’. आणि नोंदी पुन्हा सुरू होतात तेव्हा समुद्र छत्तीस सेंटिमीटर खाली गेलेला. मुना, मी तीस वर्षं सागरी भूशास्त्र शिकवते. या किनाऱ्यावर समुद्र खाली गेल्याचं अजून कधी ऐकलं नाही.”

आलेख मीच काढला होता. एकवीस वर्षांच्या भरतीच्या नोंदी, आणि सगळा आलेख करवतीसारखा. तीन-चार वर्षं रेष हळूहळू चढते, मग तुटते आणि पुन्हा खालून सुरू होते. असे पाच दाते. नोंदी बापाच्या होत्या, माझ्या वडिलांच्या. त्याला जाऊन त्या दिवशी एकसष्ट दिवस झाले होते.

“पट्टी हलवली होती का?” बूंनी विचारलं.

“हो, बू.” आमच्याकडे बाईंना बू म्हणतात.

“तुला माहीत होतं?”

मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. ती चूक आहे, एवढंच माहीत नव्हतं.

आमचं गाव मोरोसारी, देमाकच्या किनाऱ्यावर, विद्यापीठापासून मोटरसायकलने दीड तास. तिथे जमीन खचते आहे आणि समुद्र वर येतो आहे, दोन्ही एकदमच, त्यामुळे कोण किती हे कोणी विचारत नाही. पाणी उंबऱ्याला लागलं की माणसं घरात भर घालतात. मत्स्यतळ्यांतली चिकणमाती, शिंपले, विटांचे तुकडे, त्यावर नवी फरशी. फरशी वर आली की तिच्याबरोबर सगळंच वर घ्यायचं. चूल, खाट, दाराची कडी, विजेचा मीटर, भिंतीवरचं घड्याळ. छप्पर तेवढं राहतं, कारण छप्पर उचलणं कोणाला झेपत नाही. म्हणून आमच्याकडची घरं दर चार वर्षांनी आतून बुटकी होत जातात.

पट्टी आली तेव्हा मी सात वर्षांची होते. विद्यापीठातली माणसं आली, त्यांनी होडी बांधायच्या खांबाला आकडे रंगवलेली लांब लाकडी पट्टी ठोकली आणि बापाला विचारलं, सकाळ-संध्याकाळ पाणी कुठवर आहे ते लिहून ठेवाल का? दोन वर्षांनी त्यांचं काम संपलं आणि ती यायची बंद झाली. बापाचं काम संपलं नाही. पट्टी ठोकताना शंभरचा आकडा नेमका आमच्या उंबऱ्याच्या रेषेत आला होता. आपसूक आला की बापानेच तसा आणायला लावला, हे सांगायला आता कोणी नाही. त्याच्या लेखी मात्र पट्टीचा अर्थ तोच होता. शंभरला पाणी घरात. त्यामुळे घर वर घेतलं की तो पट्टीही तेवढीच वर घ्यायचा आणि शंभरची रेघ पुन्हा उंबऱ्याला लावायचा. काम चाले ते दोन-अडीच महिने पट्टी काढलेली असायची.

मोजमापाचा शून्य हलता कामा नये, हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात. मी ते परीक्षेत लिहिलं होतं, चांगले गुणही मिळवले होते. त्याच वर्षी सुट्टीत घरी आले तेव्हा नवी फरशी पडत होती. पट्टी खांबाला मी धरली आणि खिळे बापाने ठोकले. मी वर्गात शिकलेलं आणि माझ्या हातात धरलेलं, ही दोन्ही एकाच जगातली आहेत हे मला त्या दिवशी सुचलं नाही. गेल्या वर्षी, म्हणजे तो आजारी पडण्याच्या थोडं आधी, त्याने मला विचारलंही होतं, “न्दुक, पोरी, तू आता शिकलेली आहेस. पट्टी बरोबर आहे ना?” मी फोनमधून डोकं वर काढून खिडकीतून पाहिलं. पट्टी सरळ उभी होती. “बरोबर आहे,” म्हणाले.

“किती वर घेतली, ते लिहिलंय कुठे?” बूंनी विचारलं.

“नाही.”

“मग या एकवीस वर्षांच्या नोंदी नाहीत. हे सहा सुटे तुकडे आहेत. दोन तुकडे जोडायचे तर मधल्या महिन्यांत पाणी किती चढलं ते गृहीत धरावं लागेल. आणि नेमकं तेच तर तुला शोधायचंय.” त्यांनी वही उघडली. निळ्या पुठ्ठ्याची, खाऱ्या हवेने फुगलेली. एका पानावर तीन दिवस आकडे नव्हते. तिथे बापाच्या तिरक्या अक्षरात ‘पाहिलं नाही’ आणि त्याखाली तीन दिवसांभर ओढलेली उभी रेघ होती. त्या तीन दिवसांत त्याला ताप होता, असं मा सांगते. “या माणसाने न पाहिलेला आकडा एकदाही लिहिलेला नाही,” बू म्हणाल्या. “माझ्या बरोबरीच्या प्राध्यापकांबद्दल मी असं म्हणू शकणार नाही. पण पट्टी हलली, मुना. तू उपग्रहाच्या नोंदी घे, बंदरातल्या यंत्राच्या घे. प्रबंध होऊन जाईल.”

“आणि वह्या?”

“वह्या घरी जपून ठेव.”

मी वह्या पिशवीत भरल्या. सतरा होत्या. दाराशी गेल्यावर मला ते सुचलं, आणि सुचलं तेव्हा ते इतकं उघड होतं की बोलायची लाज वाटली.

“बू, फरशा अजून तिथेच आहेत. एकीखाली एक. कोणी काढून नेल्या नाहीत.”

त्यांनी चष्मा काढला. “समुद्राच्या तळातून काढतो तसा गाभा काढशील? घरातून?”

“दोन फरशांमधलं अंतर म्हणजे पट्टी हलवली ते अंतर.”

“भर दबते, हे धरावं लागेल.” मग त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली माझ्यापुढे सरकवली. “हाताने फिरवायचं गिरमिट खालच्या कप्प्यात आहे. प्रत्येक थराचा फोटो पट्टीसकट. फोटो नाही तर थर नाही. आणि आईला विचारल्याशिवाय हात लावू नकोस.”

मा चुलीपाशी धुरावलेल्या माशाची आमटी ढवळत होती. मी वाकून आत आले. आमच्या घरात बाहेरून आलेला माणूस वाकून येतो, आणि आत आल्यावर ताठ होऊ बघतो तेव्हा डोकं वाशाला आपटतं. बापा उंच होता. शेवटची सहा वर्षं तो घरात वाकूनच वावरला. पुढे पुढे बाहेरही वाकूनच चालायला लागला. मा बुटकी आहे, ती अजून ताठ उभी राहते.

मी तिला सगळं सांगितलं. आलेख, दाते, गिरमिट. तिने ढवळणं थांबवलं नाही.

“म्हणजे तुझ्या बापाने एकवीस वर्षं चुकीचं लिहिलं, असं म्हणतात तुझ्या त्या बाई?”

“चुकीचं नाही, मा. आकडे बरोबर आहेत. पट्टी हलली म्हणून ते एकमेकांना जोडता येत नाहीत.”

“पट्टी हलवली नसती तर बुडाली असती. मग तुझ्या बाई काय मासे मोजणार होत्या?”

“फरशीला भोक पाडावं लागेल. एवढंच.” मी हाताने दाखवलं, बशीएवढं.

मग तिने पळी ठेवली. “समुद्र बाहेरून येतो तेवढा पुरे नाही का? आता आतून पण बोलाव त्याला.”

त्या दिवशी ती एवढंच बोलली. भात वाढला, आमटी वाढली, मला आवडतो तो तळलेला पापड वेगळा काढून ठेवला होता तो दिला. खाटेकडे दोघींनीही बघितलं नाही. खाट बापाची होती आणि अजून त्याच कोपऱ्यात होती, गादी उचलून भिंतीला टेकवलेली.

मी आठवडाभर विद्यापीठात राहिले. उपग्रहाच्या नोंदी उतरवून घेतल्या. त्यात आमचं गाव म्हणजे चार रंगीत चौकटी होत्या. बापा त्यात कुठेच नव्हता, पण त्यात काही खोटंही नव्हतं. प्रबंध खरंच होऊन गेला असता. फक्त त्यात लिहावं लागलं असतं की या भागात स्थानिक नोंदी उपलब्ध नाहीत. ते वाक्य मी दोनदा टाइप केलं आणि दोनदा खोडलं.

शुक्रवारी माचा फोन आला.

“खाटेखाली खण,” ती म्हणाली. “बाकीच्या जागेत बापाच्या शंभराव्या दिवशी प्रार्थनेला माणसं बसणार आहेत. आणि सारपिनला बोलाव, तू एकटी फोडायला लागलीस तर अख्खी फरशी तडकेल.”

लिक सारपिन, म्हणजे सारपिनकाका, हे गावातले गवंडी. आमच्याच नव्हे, या ओळीतल्या सगळ्या घरांच्या सगळ्या भरी त्यांनी घातल्यात. सकाळी ओहोटीला ते छिन्नी-हातोडा घेऊन आले, वाकून आत शिरले, आणि आधी छताकडे बघितलं.

“अजून एक भर बसेल,” ते म्हणाले. “फार तर दीड.”

“तुला भर घालायला नाही बोलावलं,” मा म्हणाली. “उकरायला बोलावलंय. आयुष्यभर बुजवलंस, आता जरा उलटं कर.”

“वहिनी, उकरायचे पैसे जास्त पडतात. मन दुखतं ना.”

आम्ही खाट सरकवली. तिच्या पायांचे चार डाग पांढऱ्या फरशीवर होते, त्यांच्या मधोमध लिकनी छिन्नी लावली. पांढरी फरशी तीन वर्षांपूर्वीची. तिच्याखाली राखाडी चिखल, शिंपले, विटांचा चुरा. मी गिरमिट फिरवत होते, दर दहा सेंटिमीटरला बाहेर काढून माती वर्तमानपत्रावर ओळीने मांडत होते, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढत होते. हे काम मी खाडीच्या तळावर, दलदलीत, बोटीवर केलं होतं. तिथे आपण थरांची नावं लिहितो, काळ लिहितो, आणि हात धुऊन जेवायला बसतो.

बत्तीस सेंटिमीटरवर हिरवट फरशी लागली. ती मी पट्टी धरली त्या वर्षीची, नुकत्याच पुसल्यासारखी स्वच्छ, आणि तिच्या कडेला बापाच्या खाटेचा जुना डाग. पुढची भर छत्तीसची, बूंच्या पेन्सिलीखालचा दाता. तिच्याखाली सिमेंटचा कोबा आणि कोब्यावर चिकटलेला, जमिनीवर अंथरायच्या प्लॅस्टिकचा तुकडा. गिरमिटातून तो गोल बाहेर आला, रुपयाएवढा. त्यावर निळ्या फुलाची दीड पाकळी होती.

मा तो उचलून बोटांवर घासू लागली. “हा तू शाळेतून बक्षीस आणलंस तेव्हा घेतलेला. तुझा बाप म्हणाला, अभ्यासाला बसायला गार लागतं पोरीला.”

ती तो परत ठेवेपर्यंत मी थांबले. मग फोटो काढला.

त्याच्याखाली एकोणचाळीस सेंटिमीटर भर, आणि मग लाल फरशी. चौदा वर्षांपूर्वीची. इथपर्यंत सगळं जमलं होतं. पट्टी तीनदा हलली होती आणि तीनही अंतरं माझ्या वहीत होती. आता आणखी दोन फरशा हव्या होत्या, आणि सात वर्षं.

लाल फरशीखाली चिखल लागला. मी गिरमिट फिरवत राहिले. चिखलच. चाळीस, साठ, ऐंशी. चिखलाचा रंग बदलला नाही. आधी भोक ओलं झालं, मग खालून पाणी यायला लागलं. हळूहळू, फेस न करता ते लाल फरशीपर्यंत चढलं आणि तिथे थांबलं. बाहेर ओहोटी होती.

“लिक,” मी विचारलं, “याखालची फरशी कुठे आहे?”

ते उकिडवे बसून भोकात बघत होते. “ही काय. हीच ती.”

“म्हणजे?”

“त्या वर्षी फरशा नवीन नाही घेतल्या. आधीच्याच उखडल्या, भर घातली, आणि त्याच वर बसवल्या. मीच म्हटलं तुझ्या बापाला, कास्मुरीला, चांगल्या आहेत, टाकून कशाला द्यायच्या. धुऊन घेतल्या तुझ्या आईने.”

“एकेक करून,” मा म्हणाली. “तीन दिवस.”

“आणि त्याच्याआधी?”

“त्याच्याआधी चोपलेली माती. मातीवर माती घातली. त्यात काय सापडायचंय तुला?”

मी मातीच्या ओळीकडे बघितलं. वर्तमानपत्र भिजून फाटायला लागलं होतं.

“भर किती घातली होती, आठवतं का?”

“आठवतं ना. गुडघ्याएवढी.”

“कोणाच्या?”

“कोणाच्या म्हणजे, माझ्या. तुझ्या बापाच्या गुडघ्याने घातली असती तर छप्पर तेव्हाच डोक्यावर आलं असतं.”

मी टेप घेऊन त्यांच्या पायापाशी बसले. ते हसले, पण पँट वर केली आणि सरळ उभे राहिले, म्हणजे जितकं राहता येत होतं तितकं. गुडघ्याच्या वाटीपर्यंत सेहेचाळीस.

“त्याच्या आधीची, मातीवरची?”

“ती जरा कमी. पोटरीच्या वर.”

मी तेही मोजलं. एकतीस.

“लिक, बापाने हे वहीत का नाही लिहिलं? बाकी सगळं लिहायचा. बगळा पट्टीवर बसला तर तेही लिहायचा.”

लिक सारपिन यांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. “घर वर घेतलं ते वहीत कशाला? वही पाण्याची होती.”

जाताना त्यांनी भोक सिमेंटने बुजवलं. मा शेजारी उभी राहून बघत होती. “नीट बुजव,” ती म्हणाली. “खालून आला तर मी कोणाकडे तक्रार करणार?” मग खाट पुन्हा त्याच डागांवर ठेवली.

प्रयोगशाळेतल्या संगणकावर मी तीन अंतरं भरली. चौदा वर्षांचे चार तुकडे एकमेकांना येऊन लागले, आणि दाते नाहीसे झाले. एक रेष उरली, उजवीकडे चढत जाणारी. वर्षाला साधारण साडेआठ सेंटिमीटर. दबलेल्या भरीसाठी इकडे-तिकडे थोडं धरलं तरी फरक पडत नव्हता. त्या रेषेच्या डावीकडे दोन तुकडे सुटे लोंबत होते. पहिली सात वर्षं. पहिल्या सहा वह्या. त्यातल्या तीन वह्यांत काही आकडे माझ्या हातचे आहेत, मोठे, ओळीच्या बाहेर गेलेले. बापा खांबापाशी उभा राहून ओरडायचा आणि मी दारात बसून लिहायचे. त्याने म्हटलेला आकडा मी पुन्हा म्हणायचे, आणि त्याने ‘हं’ म्हटल्यावरच पेन टेकवायचं.

दुपारची वेळ होती, प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. मी चौथ्या चौकटीत सेहेचाळीस लिहिलं. पाचव्या चौकटीत एकतीस. दोन्ही तुकडे सरकले आणि रेषेला असे येऊन मिळाले की मी खुर्ची मागे ढकलली. एकवीस वर्षं. तुटलेली नाहीत, वाकलेली नाहीत. या सगळ्या किनाऱ्यावर एवढ्या लांबीची दुसरी नोंद कोणाकडे नव्हती. मला ती सुंदर वाटली. भूशास्त्रात सुंदर रेष दिसली की आधी हात धुवावेत असं बू म्हणतात.

फक्त फोटो लागणार होता. लाल फरशीखालच्या चिखलाचे माझ्याकडे नऊ फोटो होते आणि चिखल चिखलासारखाच दिसतो. एका फोटोवर खूण करून ‘जुनी मातीची जमीन’ लिहिलं असतं तर बूंनीसुद्धा मान डोलावली असती. आणि कदाचित ते खरंही असतं. लिक सारपिन खोटं बोलणारा माणूस नाही, आणि त्यांचा गुडघा चौदा वर्षांत फार हलला नसावा.

मी पहिली वही उघडली, का ते नीट सांगता येणार नाही. बहुतेक माझं अक्षर बघायचं होतं. पान उघडलं ते पावसाळ्यातलं. त्या दिवशी मी आठ वर्षांची. माझ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, सकाळ बहात्तर. खाली संध्याकाळच्या जागी मी चौऱ्याहत्तर लिहिलं होतं आणि ते बापाने एका रेघेने कापलं होतं, बाजूला त्याच्या अक्षरात, ‘पाहिलं नाही’. मला तो दिवस आठवला. त्याला परतायला उशीर झाला होता आणि मी सकाळच्या आकड्यावरून अंदाजाने लिहून टाकलं होतं, कारण रोज तेवढंच वाढायचं. तो रागावला नव्हता. “बरोबर असेल, न्दुक,” म्हणाला होता. “पण पाहिलं कोणी?”

मी दोन्ही चौकटींतले आकडे पुसले. रेषेचे डावीकडचे तुकडे सुटून पुन्हा खाली गेले. प्रबंधातल्या तक्त्यात त्या दोन वर्षांपुढे, पट्टी किती हलली या रकान्यात, मी ‘पाहिलं नाही’ असं लिहिलं.

बू वेनिंग यांनी तक्ता वाचताना तिथे पेन्सिल थांबवली. “शास्त्रीय लिखाणात ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहितात.”

“माहिती आहे, बू. एका गवंड्याचा गुडघा आहे. पण तो थर मी पाहिला नाही.”

त्यांनी काही दुरुस्त केलं नाही. पहिल्या सहा वह्या प्रबंधातून गेल्या. बाकीच्या अकरा राहिल्या. परीक्षेला आलेल्या तिघांपैकी एकाने विचारलं, नोंदी ठेवणाऱ्याचं प्रशिक्षण काय होतं? मी म्हणाले, तळ्याचे बांध धुपले तेव्हा त्याचे मासे समुद्रात गेले, तेवढंच. ते हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. प्रबंध मंजूर झाला. नोंदी कास्मुरी यांच्या नावाने विद्यापीठाच्या संग्रहात जमा झाल्या, चौदा वर्षं, पुढच्या कोणालाही वापरता येतील अशा.

मी घरी आले तेव्हा मा शंभराव्या दिवसासाठी तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

“झालं का?”

“झालं.”

“बापाचं नाव?”

मी पान काढून दाखवलं. तिने नावावर बोट फिरवलं, मग शेजारच्या आलेखावर, डावीकडून उजवीकडे, चढणीला लागल्यासारखं.

“हे काय सांगतंय?”

मी तिला खरं तेच सांगितलं. घर वर्षाला चार बोटं खाली जातंय, थोडं जास्तच. पुढच्या वर्ष-दीड वर्षात पाणी पुन्हा शंभरला लागेल. भर घातली तर आणखी चार वर्षं. त्यानंतर छताखाली माणूस मावणार नाही. तिने शहरात माझ्या खोलीवर यावं असं मी म्हणणार होते, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी ते पुढे ढकललं.

“मी बुटकी आहे,” ती म्हणाली. “मला दोन भरी पुरतील.”

आणि तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

शंभराव्या दिवशी सकाळी आम्ही कबरस्तानात गेलो. संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळं गाव येणार होतं, त्याआधी कबर नीट करायची होती. वाटेवर पोटरीएवढं पाणी होतं. लिक सारपिन यांनी एका फळकुटावर मातीच्या गोण्या ठेवून तरंगत आणल्या होत्या. आमच्याकडे कबरीही वर घेतात. कडेने विटा रचायच्या, मध्ये माती टाकायची. डोक्याशी लाकडी पाटी असते, हजाराव्या दिवशी तिच्या जागी दगड बसवतात. तोवर दर वेळी ती पाटी उपटायची आणि नव्या मातीवर पुन्हा रोवायची. बापाच्या कबरीभोवती पाण्याची एक रेघ होती, पाटीवरच्या नावाच्या खाली चार बोटं.

लिकनी गोण्या ओतल्या, फावड्याने सारख्या केल्या. मग दोन्ही हातांनी पाटी धरली.

“हजाराव्या दिवसापर्यंत अजून दोनदा उचलावी लागेल ही,” ते म्हणाले. “कास्मुरीला सवय आहे म्हणा.”

“थांबा, लिक.”

ते वाकलेलेच थांबले. मी खिशातून टेप काढला. पाटी जुन्या मातीत जिथवर रोवलेली होती, तिथे ओली खूण होती. तिथून नव्या मातीच्या वरपर्यंत मी टेप लावला. एका बाजूने मोजलं, मग दुसऱ्या बाजूने. तेवीस.

“तेवीस,” मी म्हणाले.

“तेवीस,” मा म्हणाली. ती पाण्यात उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरून.

“हं,” मी म्हणाले.

मग लिकनी पाटी उचलली आणि वर रोवली.

घरी आल्यावर मी सतरावी वही काढली. बापाच्या शेवटच्या नोंदीनंतर पानं कोरी होती. मी त्यांना हात लावला नव्हता. आज मी त्याच्या शेवटच्या आकड्याखाली ‘पाहिलं नाही’ लिहिलं आणि त्याच्यासारखीच उभी रेघ खाली ओढली, चार पानं, आजच्या तारखेपर्यंत. तारखेपुढे लिहिलं, ‘पाटी वर घेतली, तेवीस सेंटिमीटर.’

मा चुलीपाशी होती. तिथून तिने न वळता म्हटलं, “पाणी पण लिही.”

मी वाकून दारात गेले. पट्टी होती तिथेच होती. पाणी ब्याण्णववर होतं.